शनिवारी शिजवलेलं

रूलोफ टर्प्स्ट्राने आयुष्यभर जमिनीखाली नळ्या घातल्या. आयोवाच्या त्या वायव्य कोपऱ्यातली जमीन काळी, सपाट, पाणी धरून बसणारी. चर खणायचा, तळाला भाजक्या मातीच्या नळ्या एकीला एक भिडवून मांडायच्या, पाणी आपणहून ओढ्याकडे चालू लागेल असा उतार द्यायचा, आणि मग सगळं बुजवून टाकायचं. काम झालं की दाखवायला काही उरत नाही. उतार चुकला असेल तर पुढच्या वसंतात शेताच्या मधोमध तळं साचतं, तेव्हा कळतं. रूलोफच्या हातच्या शेतात तळं साचलं नाही. तरुणपणी तो लांब पात्याच्या फावड्याने चर खणायचा. पुढे यंत्र आलं, तरी तळाचा शेवटचा हात तो गुडघ्यावर बसून स्वतः फिरवायचा. गुडघे गेले तेव्हा थांबला.

बोलणंही तसंच. गुरुवारपर्यंत होईल ना, असं एखाद्या शेतकऱ्याने विचारलं तर तो 'होईल' म्हणत नसे. 'जमीन सुकली तर' म्हणायचा. यंत्र चालवणारा लामर्ट त्याचा जन्माचा सोबती. तो चारचौघांत म्हणायचा, की रूलोफला नाव विचारलं तरी आधी खात्री करून घेतो आणि मग सांगतो.

आफ्का त्याची बायको. मूलबाळ झालं नाही. वाटोळ्या चेहऱ्याची, भरभर चालणारी, आणि चौथ्या आज्ञेच्या, म्हणजे प्रभूचा दिवस पवित्र पाळण्याच्या बाबतीत सगळ्या गावात कडक. तशी त्या गावात रविवार सगळेच पाळत. गाईंची धार काढावी लागे तेवढी काढायची, बाकी कामाला हात लावायचा नाही. बटाटे शनिवारी संध्याकाळी सोलून पाण्यात टाकलेले, सूप शनिवारी उकळून ठेवलेलं, बूट शनिवारी पुसलेले. रविवारी अन्न गरम करायला हरकत नाही, शिजवायचं मात्र नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका रविवारी सकाळी रूलोफच्या कोटाचा दोरा लोंबत होता. त्याने कात्री काढली. आफ्काने ती हातातून घेऊन खणात ठेवली, आणि वाकून दोरा दातांनी तोडला. "दातांना रविवार नसतो," म्हणाली, आणि दोघं हसत ख्रिस्तमंदिरात गेली.

म्हातारपणी तिचं स्मरण ओसरू लागलं. आधी नावं गेली. मग कोण जिवंत आणि कोण गेलं हे गेलं. विणकाम गेलं, बटाटे किती वेळ उकळायचे ते गेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषध नाही हेही सांगितलं. दहा आज्ञा मात्र तिच्या तोंडी राहिल्या, एक अक्षर इकडचं तिकडे न होता. आणि वारांपैकी राहिला तो फक्त रविवार.

सुरुवात एका मंगळवारी झाली. रूलोफ बाहेरून आला तर ती चर्चचा निळा झगा घालून, हातमोजे चढवून खुर्चीत बसलेली. आज मंगळवार आहे, तो म्हणाला. तिने थट्टा समजून सोडून दिलं. दुपारी त्याने चुलीवर बटाटे चढवले, तेव्हा ती उठली, भांडं उचललं आणि अर्धे कच्चे बटाटे मागच्या दाराबाहेर ओतले. हात पोळला तरी चेहरा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्याने खरं सांगून पाहिलं. दुसरं काही त्याला येतच नव्हतं. कॅलेंडर दाखवलं. ती म्हणाली, छापणाऱ्याची चूक आहे. रेडिओवर मक्याचे भाव लागले, ते ऐकवले. रविवारी बाजार नसतो, हे तिला कळायला हवं होतं. ती म्हणाली, जगाने देवाची लाज सोडली, त्याला आपण काय करणार. शेजारणीच्या दोरीवर चादरी वाळत होत्या, त्याने खिडकीशी नेऊन दाखवल्या. आफ्का कितीतरी वेळ बघत राहिली. मग त्या बाईसाठी हात जोडून प्रार्थना केली.

जेवायला मात्र ती तयार नव्हती. रविवारी शिजवलेलं खायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. पाव आणि चीज खायची. पण पाव-चीजवर माणूस किती दिवस काढणार? झगा खांद्यांवरून उतरायला लागला.

तेव्हा रूलोफने कामाचा माणूस करतो ते केलं. उपाय शोधला. मागच्या अंगणात अवजारांची खोली होती, तिथे त्याने जुनी लहान चूल बसवली. दुपारी आफ्का झोपली की तिथे जायचं, बटाटे सोलायचे, मांस परतायचं, सूप उकळायचं आणि सगळं थंड करून ठेवायचं. ते खायचं दुसऱ्या दिवशी. म्हणजे प्रत्येक दिवसाचं अन्न खरोखर आदल्या दिवशी शिजलेलं असे. टेबलावर वाटी ठेवून तो सांगायचा, "काल शिजवलंय. आता नुसतं गरम केलं." ती मान हलवायची, प्रार्थना म्हणायची आणि जेवायची.

यात लबाडी नको म्हणून त्याने भारी कष्ट घेतले. कपडेही तो त्याच खोलीत धुवायचा, तिथेच आतल्या आत वाळवायचा, बाह्या कोरड्या करून मगच घरात यायचा. एकदा पाठ धरली आणि आदल्या दुपारी स्वयंपाक झाला नाही. सकाळी उठून कसाबसा शिजवला असता आणि 'काल' म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? त्याने नाही म्हटलं. त्या दिवशी दोघांनी पाव आणि चीज खाल्लं.

खऱ्या रविवारी तो तिला मंदिरात न्यायचा. आठवड्यातला तेवढा एक दिवस तिचं म्हणणं बरोबर असायचं. चर्चचे पाळक आज्ञा वाचायचे, तिचे ओठ सोबत हलायचे, आणि शेजारी बसलेल्या रूलोफला वाटायचं, आपण इथेच राहावं.

असे काही महिने गेले. ती जेवत होती. तो खंगत होता.

शरदात घरभेटी सुरू झाल्या. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या आधी मंडळीचे दोन वडील, तिचे निवडलेले ज्येष्ठ, घरोघर जातात आणि विचारतात, प्रभूच्या मेजाशी यायला मनात काही अडथळा आहे का. त्या वर्षी टर्प्स्ट्रांच्या वाट्याला लामर्ट आला, आणि त्याच्याबरोबर एव्हर्ट, गुरांच्या खाद्याच्या गिरणीवर काम करणारा, वयाने बराच लहान. गिरणीतून तसाच आलेला, बुटांना कोंडा चिकटलेला.

आफ्काने त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"प्रभूच्या दिवशी कामाचे बूट घालून हिंडतोस? घरी आई नाही वाटतं सांगायला."

एव्हर्टचे कान लाल झाले. आज बुधवार आहे, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण लामर्ट आधी बोलला. "चुकलं त्याचं, आफ्का. पुढच्या रविवारी बघ कसे चकाचक करून येईल." आफ्का निवली, दोघांना एकेक पेपरमिंटची गोळी देऊन परत खुर्चीत जाऊन बसली. लामर्ट हसत वळला, आणि रूलोफ आपल्याकडे बघतो आहे हे पाहून हसायचा थांबला.

एव्हर्टने ठरलेला प्रश्न विचारला. रूलोफने कप खाली ठेवला. मग अवजारांच्या खोलीतली चूल, आदल्या दिवशीचा स्वयंपाक, 'काल' हा शब्द, सगळं ओळीने सांगितलं.

लामर्ट म्हणाला, यात पाप कुठाय? काल शिजवलं, काल म्हणालास.

"'काल' म्हटल्यावर तिला काय ऐकू येतं ते मला माहीत आहे," रूलोफ म्हणाला. "ते माहीत असूनच मी म्हणतो."

एव्हर्टने शास्त्र चांगलं वाचलं होतं. तो म्हणाला, काका, शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी बैल खड्ड्यात पडला तर काढायचाच असतो. दया आधी.

"ती मुभा हातांना आहे. जिभेला आहे असं कुठे लिहिलंय?"

मग एव्हर्टने मिसर देशातल्या सुइणी काढल्या, ज्यांनी पोरं वाचवायला राजाला थाप मारली. राहाब काढली, जिने हेर लपवले आणि गेले म्हणून सांगितलं. देवाने त्यांचं भलंच केलं ना?

"त्या शत्रूशी बोलल्या, एव्हर्ट. मी हिच्याशी बोलतो."

 कॉफी निवली. पाळकांना विचारून सांगतो, असं म्हणून एव्हर्टने प्रार्थना केली आणि दोघं गेले. चार दिवसांनी पाळकांचा निरोप आला, की मोकळ्या मनाने मेजाशी यावं. रूलोफ गेला. शब्द निदान खरा होता, एवढा आधार त्याला पुरला. त्याने भाकर घेतली, प्याला घेतला, पण मन मोकळं काही झालं नाही.

हिवाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी वाटी पुढे ठेवून तो नेहमीसारखं म्हणाला. आफ्काने चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"काल म्हणजे शनिवारी ना?"

तो थांबला. तिला ते थांबणं कळलं. डोक्यातलं बाकी सगळं गेलं होतं, पण या माणसाचं थांबणं तिने इतकी वर्षं ऐकलं होतं.

"जेव, आफ्का. निवतंय."

तिने चमचा वाटीशेजारी ठेवला, नीट, आवाज न करता, आणि हात मांडीवर घेतले.

त्या दिवसापासून ती दर जेवणाला विचारू लागली. शनिवारी ना? एक शब्द म्हणायचा होता. 'हो.' त्याने स्वतःला समजावून पाहिलं. अवजारांच्या खोलीत उभा राहून तो एकटाच मोठ्याने म्हणून बघायचा. तिथे जमायचं. टेबलाशी येऊन बसला की तिचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागलेले असत, आणि तो नुसती वाटी पुढे सरकवायचा. दूध देऊन पाहिलं, सफरचंद किसून दिलं, पाव दुधात कुस्करून दिला. पुढे पुढे ती त्याबद्दलही विचारू लागली, हे कधी केलंस, आणि तोंड मिटून घ्यायची. लामर्ट दोनदा येऊन गेला, त्याने स्वतः वाटेल ते सांगून पाहिलं. आफ्काने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. तिला रूलोफच्या तोंडून ऐकायचं होतं.

"अरे, म्हण ना बाबा," लामर्ट अंगणात त्याला म्हणाला. "मरेल ती."

रूलोफ अवजारांच्या खोलीकडे वळला. लामर्टला राग आला होता. गाडीचं दार त्याने जोरात लावलं.

एका सकाळी ती खुर्चीतून उठायला गेली आणि उठता येईना. तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला उचलायला माणसं पाठवली. घरी ठेवण्यात अर्थ नाही, ते म्हणाले, कुणीतरी दिवसातून तीनदा बसून भरवायला हवं. तालुक्याच्या गावी वृद्धांचं शुश्रूषागृह होतं, तिकडे तिला नेलं. जाताना तिने रूलोफला विचारलं, रविवारी गाड्या कशा चालतात. तो तिच्याबरोबर मागे बसला होता. त्याच्या मनात एकच चाललेलं. आपण जीभ राखली, आणि बायको घराबाहेर गेली. एका शब्दाचं काम होतं. जन्मभर चरात राबलो, आणि हे एवढंसं काम आपल्याच्याने झालं नाही.

शुश्रूषागृहात भरवायला एल्व्हिरा नावाची बाई होती. मेक्सिकोकडची, ठेंगणी, गळ्यात साखळीला लहानसा क्रूस, पायात पांढरे बूट. पहिल्याच दुपारी आफ्काने तोंड मिटून घेतलं आणि विचारलं. एल्व्हिराने रूलोफकडे पाहिलं, काय भानगड आहे ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली.

"शनिवारीच केलंय, आजी. मी स्वतः केलंय. सगळा ओटा पुसून, दिवा मालवून घरी गेले. आज फक्त गरम केलं."

सूप त्या सकाळी केलेलं होतं, आणि ते दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं. आफ्काने तोंड उघडलं.

रूलोफ भिंतीशी उभा होता. त्याला सुटल्यासारखं वाटलं. तो काही बोलला नव्हता. दुसऱ्याने त्याचं काम केलं होतं आणि तो बघत उभा राहिला होता. चरात असा माणूस असता तर त्याने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

रोज दुपारी तो गाडी काढून जायचा. एल्व्हिरा आली की आफ्का जेवायची. गालांवर थोडं मांस आलं. एकदा आफ्का झोपल्यावर त्याने एल्व्हिराला विचारलं, हे असं रोज म्हणायला जड जात नाही का. ती ताटं गोळा करत होती.

"आजोबा, मला या अख्ख्या ओळीला भरवायचं असतं. कुणाला सांगते नवरा येतोय, कुणाला सांगते पाऊस पडतोय म्हणून बस चुकली. पाद्र्यांना सांगितलंय सगळं. ते म्हणाले, आधी जेवू घाल." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमच्याकडे सांगायला कुणी नसतं का?"

आहेत, तो म्हणाला, मंडळीचे वडील आहेत, पाळक आहेत. त्यांनीही असंच सांगितलं.

"मग?"

त्याने शेवटचं ताट उचलून तिच्या हातात दिलं.

वसंत लागला त्या सुमाराला, एल्व्हिरा चमचा पुढे करून नेहमीचं सांगत असताना आफ्काने मान वळवली. रूलोफ पलीकडे बसला होता. बरेच दिवस तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"रूलोफ. ही म्हणते ते खरं?"

एल्व्हिराचा हात हवेत राहिला. रूलोफने आफ्काच्या गळ्याकडे पाहिलं, जिथे झग्याची कॉलर अजूनही सैल होती. उतार असा पडला होता की पाणी दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

"हो," तो म्हणाला. "शनिवारी केलंय."

आफ्का एल्व्हिराकडे वळली आणि मोठ्या माणसाने लहानाला समजावावं तसं म्हणाली, "रूलोफ म्हणतो म्हणजे तसंच असणार." आणि जेवली. सगळी वाटी संपवली.

एल्व्हिराने निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो ठेवू दिला.

त्यानंतर एल्व्हिराच्या शब्दाला किंमत राहिली नाही. संध्याकाळी तिने सांगितलं तर आफ्का म्हणाली, रूलोफला विचार. दुसऱ्या सकाळीही तेच. शेवटी शुश्रूषागृहातून फोन आला, काका, तुम्ही तीनही वेळा येऊ शकाल का. तेव्हापासून तो उजाडताच निघायचा आणि संध्याकाळचं जेवण झालं की परतायचा. न्याहारीला म्हणायचा, दुपारी म्हणायचा, संध्याकाळी म्हणायचा. थांबत नव्हता आता. थांबलं की ती ओळखते, हे त्याला माहीत होतं, म्हणून तो न थांबता म्हणायला शिकला. तेही एक कामच, आणि कुठलंही काम शिकायला लागला की तो नीटच शिकायचा.

प्रभुभोजनाचा रविवार आला. न्याहारी भरवून रूलोफ मंदिरात गेला आणि नेहमीच्या बाकावर एकटा बसला. पाळकांनी आज्ञा वाचल्या. खोटी साक्ष देऊ नको, या नवव्या आज्ञेला त्याने मान खाली घातली नाही, समोर बघत राहिला. भाकरीचं ताट बाकावरून हातोहात आलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि काही न उचलता शेजाऱ्याकडे दिलं. प्यालाही तसाच दिला. त्या मंदिरात असं कुणी केलं तर मागच्या बाकापर्यंत कळतं.

उपासना सुटल्यावर लामर्ट त्याच्या गाडीपाशी उभा होता. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली.

"हे काय केलंस?"

रूलोफने सांगितलं. लामर्टला बरंचसं माहीत होतंच.

"मग त्यात काय एवढं," लामर्ट म्हणाला. "पाप असेल तर असेल. कबूल कर, माफी माग, मोकळा हो. त्यासाठीच तर ते मेज आहे. निष्पाप माणसांसाठी मांडलेलं नाही काही."

"माफी मागायची तर पुन्हा करणार नाही असं मनात धरायला लागतं."

"हो, मग."

"बारा वाजता तिचं जेवण आहे, लामर्ट."

लामर्ट हातातली टोपी फिरवत राहिला. दोघांनी मिळून ओढ्यापासून रेल्वेपर्यंतची सगळी शेतं कोरडी केली होती. अडलं की कुणीतरी एक जण खाली उतरायचा. इथे उतरायला जागा दिसेना.

"सभेत विचारतील," तो अखेर म्हणाला. "बाकीच्या वडिलांना काय सांगू?"

"हे म्हणणं मी थांबवू शकत नाही असं सांग. आणि मला ते थांबवायचं आहे हेही सांग."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी येऊ का बरोबर, लामर्टने विचारलं. रूलोफ म्हणाला, येऊन काय करशील, ती तुझं ऐकत नाही. लामर्टने त्याच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. असं त्याने कधी केलं नव्हतं.

शुश्रूषागृहात त्या दिवशी कोंबडीचं सूप होतं, सकाळीच केलेलं. व्हरांड्यात वास पसरला होता. आफ्का खिडकीशी निळ्या झग्यात बसली होती. एल्व्हिराने वाटी आणून ठेवली आणि पलीकडच्या म्हाताऱ्याकडे गेली. रूलोफने कोट काढला, खुर्ची ओढली, तिच्या गळ्याला रुमाल बांधला. आफ्काने हात जोडून प्रार्थना म्हटली, एक शब्द चुकला नाही. तिच्याबरोबर 'आमेन' म्हणायला त्याने ओठ हलवले, आवाज काढला नाही.

त्याने चमचा भरला, फुंकर घातली.

"शनिवारचं आहे," तो म्हणाला.

तिने अजून विचारलंही नव्हतं.